सातासमुद्रांपलीकडील स्नेही

आपल्याकडे विवाहाचें बोलणें निघालें म्हणजे पहिला प्रश्न ‘मुलगा कोण?’ हा नसून ‘कोणाचा?’ हा असतो. मूळ गांव कोणतें, मामेकुळ कोणतें, वडील कोठें नोकरीस होते, शेजारीं कोण राहतें, हें सारें चार ठिकाणीं विचारून घेतल्याखेरीज वडीलधारीं माणसें होकार देत नाहींत. या चौकशीला नवी पिढी कधीं कधीं हंसते. आणि तिच्यांतील कित्येक प्रश्न हंसण्याजोगे असतातही. परंतु तिच्या मुळाशीं एक पक्कें शहाणपण आहे. माणूस स्वतःविषयीं जें सांगतो तें खरें कीं खोटें, याचा निर्णय त्याच्याच तोंडून होत नाहीं. तो तिऱ्हाइताच्या तोंडून करून घ्यावा लागतो.

ज्या घरांत ही रीत पिढ्यान्‌पिढ्या पाळली गेली, त्याच घरांत आज एखादा अनोळखी गृहस्थ दिवाणखान्यांतून न येतां हातांतील मोबाइलमधून शिरतो, आणि त्याचें कुलशील विचारणारें कोणीच नसतें. तो लंडनचा डॉक्टर असल्याचें सांगतो, अमेरिकन सैन्यांतील अधिकारी असल्याचें सांगतो, किंवा भर समुद्रांतील तेलविहिरीवर काम करणारा इंजिनिअर म्हणवितो. महिन्या-दोन महिन्यांत तो घरच्या माणसाहून जवळचा वाटूं लागतो, आणि एके दिवशीं पैसे मागतो. परदेशस्थ पत्रमित्राच्या रूपानें येणारा हा ठक कसा ओळखावा, आणि घरांतील कोणी त्याच्या जाळ्यांत सांपडलें तर इतरांनीं काय करावें, हा या महिन्याचा आपला विषय आहे.

ही विद्या मोबाइलबरोबर जन्मलेली नाहीं. एकोणिसाव्या शतकांत युरोप-अमेरिकेंत ‘स्पॅनिश कैदी’ या नांवानें एक ठकबाजी चालत असे. एखाद्या खाऊन-पिऊन सुखी गृहस्थास स्पेनमधून पत्र येई. लिहिणारा म्हणे कीं, मी थोर घराण्यांतील असून राजकीय कारणानें तुरुंगांत आहें. माझें द्रव्य अमुक ठिकाणीं लपविलेलें आहे. माझी एकुलती एक मुलगी पोरकी होणार आहे. आपण थोडासा खर्च सोसून तिला आपल्या छत्राखालीं घेतलें तर द्रव्याचा मोठा वांटा आपला. मात्र ही गोष्ट कोणास कळूं देऊं नये. १८९८ च्या मार्चमध्यें ‘न्यूयॉर्क टाइम्स’ या वृत्तपत्रानें ही जुनी लबाडी पुन्हां डोकें वर काढीत असल्याचा इशारा वाचकांस दिला होता. दूरचें अंतर, डोळे दिपविणारें द्रव्य, काळजाला हात घालणारी कथा आणि गुप्ततेची अट, हे चार धागे त्या पत्रांत होते. आजच्या जाळ्याचे धागेही तेच आहेत.

आपल्या इतिहासांतही याचें एक मोठें उदाहरण आहे. १७६१ सालीं पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. परंतु त्यांच्या पत्नी पार्वतीबाई यांनीं तें कधींच मानलें नाहीं. पुढें भाऊंचें नांव घेऊन एक तोतया उभा राहिला. १७७६ सालीं त्यानें कोंकणांत बंड माजविलें, किल्ले घेतले, आणि मोठा जमाव त्याच्यामागें गेला. त्याच वर्षीं तो पकडला जाऊन पुण्यांत त्याला देहान्त शिक्षा झाली. त्याच्यामागें गेलेलीं सारीं माणसें मूर्ख होतीं काय? तसें म्हणतां येत नाहीं. भाऊसाहेब परत यावेत ही इच्छा कित्येकांच्या मनांत आधींपासून होती. तोतयानें त्या इच्छेचा वेष धारण केला. ठक आपल्या डोळ्यांस फसवीत नाहीं, तर आपल्या इच्छेस फसवितो. म्हणूनच शिकलेला मनुष्य सुरक्षित आणि अडाणी तेवढा फसणारा, ही समजूत चुकीची आहे.

आतां या जाळ्याची विणकर पाहूं. ठिकठिकाणच्या पोलिसांकडे वर्षानुवर्षें येणाऱ्या तक्रारींचा सांचा जवळजवळ एकच असतो. फेसबुकवर, इन्स्टाग्रामवर किंवा विवाहविषयक संकेतस्थळावर ओळख होते. समोरची व्यक्ति बहुधा विधुर किंवा विधवा असते. पदरीं एखादें लहान मूल असतें. हुद्दा मोठा आणि स्वभाव धार्मिक असतो. विवाहाच्या संकेतस्थळांवर तोच ठक परदेशांत स्थायिक झालेला मराठी मुलगा होतो, आणि मुलीच्या आईवडिलांशीं अदबीनें बोलतो. या प्रकारच्या तक्रारी वाढल्यामुळें केंद्र सरकारनें २०१६ सालीं विवाहविषयक संकेतस्थळांसाठीं खास मार्गदर्शक सूचना काढल्या. परंतु संकेतस्थळानें केलेली पडताळणी म्हणजे आपण केलेली चौकशी नव्हे, हें विसरतां कामा नये.

दोन-चार दिवसांतच ‘इथें नको, व्हॉट्सॲपवर बोलूं’ असा आग्रह होतो. कारण संकेतस्थळाचे चालक खोटें खातें पकडून बंद करूं शकतात. खासगी संभाषणावर तशी कोणाची नजर नसते. मग सकाळीं सुप्रभात, दुपारीं ‘जेवण झालें काय?’ आणि रात्रीं तासभर बोलणें सुरू होतें. या काळांत तो एक पैसाही मागत नाहीं. घरांत कोण कोण आहे, पैशाचे व्यवहार कोण पाहतें, कोणाशीं अबोला आहे, निवृत्तीचे पैसे कोठें ठेविले आहेत, हें सारें तो प्रेमानें विचारून घेतो. ऐकणाऱ्यास वाटतें कीं, आपली एवढी विचारपूस आजवर कोणींच केली नव्हती. वस्तुतः ती विचारपूस नसून मोजणी असते.

पुढची पायरी भेटीची. वाढदिवसाच्या निमित्तानें त्यानें एक पेटी पाठविलेली असते. तींत सोन्याचें घड्याळ, दागिने आणि परकीय चलन असल्याचें तो सांगतो. किंवा तो स्वतःच भारतांत यावयास निघतो. चार दिवसांनीं दिल्ली वा मुंबईच्या विमानतळावरून ‘कस्टम्स अधिकारी’ म्हणविणाऱ्या बाईचा फोन येतो. पेटी अडकली आहे. जकातीचे पस्तीस हजार भरावे लागतील. ते भरले कीं पेटींत नोटा सांपडल्याचें कळतें व दंडाची रक्कम लाखावर जाते. तीही भरली कीं चलन बदलण्याचा खर्च, मग प्रमाणपत्राचा खर्च, मग आयकर. प्रत्येक मागणी आधीच्याहून मोठी असते, आणि ‘एवढे गेले ते बुडूं नयेत’ या आशेनेंच पुढचे पैसे जातात. पहिल्या हप्त्यानें ठकास रकमेपेक्षां मोठी वस्तु मिळते. हें माणूस देणारें आहे, ही माहिती!

या कथांची नांवें बदलतात, प्रकार फारसे बदलत नाहींत. अमेरिकेच्या ‘फेडरल ट्रेड कमिशन’ या सरकारी मंडळाकडे २०२२ सालीं अशा फसवणुकीच्या सुमारें ७०,००० तक्रारी आल्या. त्यांतील नुकसान १३० कोटि डॉलर होतें. त्या तक्रारींतील थापांचीही मंडळानें छाननी केली. ‘मी किंवा माझें माणूस आजारी, जखमी अथवा तुरुंगांत आहे’ ही सबब २४ टक्के ठिकाणीं होती. ‘पैसा कसा गुंतवावा तें मी शिकवितों’, ‘मी दूर सैन्यांत आहें’ आणि ‘एक महत्त्वाची वस्तु पोंचविण्यास साहाय्य कर’ या तीन थापा प्रत्येकीं १८ टक्के होत्या. भेट झालेली नसतांना विवाहाचें बोलणें १२ टक्के, हातीं आलेल्या धनाची वा सोन्याची गोष्ट ७ टक्के, आणि जहाजावर वा तेलविहिरीवर असल्याची ६ टक्के. हा हिशेब आम्हांस एखाद्या पंचांगाइतका उपयुक्त वाटतो. घरांतल्या कोणाचा ‘मित्र’ यांपैकीं कोठें बसतो, तें प्रत्येकानें ताडून पहावें.

यांतील गुंतवणुकीचा प्रकार अलीकडे फार फोफावला आहे. येथें मित्र पैसे मागतच नाहीं. तो स्वतःच्या नफ्याची गोष्ट सहज काढतो, एक ॲप दाखवितो, आणि थोडी रक्कम त्यांत घालावयास सांगतो. पडद्यावर नफा वाढतांना दिसतो. पहिल्यांदा थोडे पैसे काढतांही येतात. मोठी रक्कम गेली म्हणजे मात्र काढण्यासाठीं आधीं कर भरा असें उत्तर येतें. चिनी भाषेंत या धंद्याचें नांव डुक्कर पोसून कापणें अशा अर्थाचें आहे. त्याचीं मोठीं ठाणीं म्यानमार, कंबोडिया व लाओस या देशांत असून, नोकरीच्या आमिषानें नेलेल्या तरुणांकडून तेथें जबरदस्तीनें हें काम करून घेतलें जातें. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयानें २०२३ सालीं प्रसिद्ध केलेल्या अहवालांत, म्यानमारमध्यें किमान १,२०,००० व कंबोडियांत सुमारें १,००,००० माणसें अशा स्थितींत असावींत असा अंदाज दिला होता. मार्च २०२५ मध्यें भारत सरकारनें वायुदलाच्या विमानांनीं थायलंडमार्गे ५०० हून अधिक भारतीयांस परत आणलें. म्हणजे आपल्या घरांतील माणसाशीं गोड बोलणारा ‘लंडनचा विधुर’ हा कदाचित् मारहाणीच्या भयानें टंकलेखन करणारा कोणा गरीब आईचा मुलगाही असूं शकेल. प्रेम तर दोन्हीं बाजूंस नसतेंच; कधीं कधीं पलीकडे स्वातंत्र्यही नसतें.

कोणी म्हणेल, ‘आम्हीं त्याला व्हिडिओवर प्रत्यक्ष पाहिलें आहे.’ कांहीं वर्षांपूर्वीं हा पुरावा बराचसा खात्रीचा होता; आज तो तसा राहिलेला नाहीं. ऑक्टोबर २०२४ मध्यें हाँगकाँगच्या पोलिसांनीं एका टोळींतील २७ जणांस पकडलें. ही टोळी यंत्राच्या साहाय्यानें पुरुषाचा चेहरा व आवाज बदलून सुंदर तरुणीचें सोंग घेई. तिनें सुमारें ४ कोटि ६० लाख डॉलर लुबाडले होते, आणि फसलेल्यांत भारतांतील लोकही होते. २०२५ च्या जानेवारींत फ्रान्समधील एका बाईची हकीकत जगभर गाजली. ब्रॅड पिट या नटाच्या नांवानें, यंत्रानें बनविलेलीं रुग्णशय्येवरचीं चित्रें दाखवून, तिच्याकडून ८ लाख ३० हजार युरो उकळले गेले. त्या बाईची पुष्कळांनीं टवाळी केली. टवाळी करणाऱ्यांनीं एवढें ध्यानांत घ्यावें कीं, तिला दीड वर्ष पद्धतशीरपणें कोणी तरी एकटी पाडलें होतें.

तर मग खरें-खोटें ओळखावें कसें? आमचें उत्तर जुनेंच आहे: तिऱ्हाइताकडे चौकशी. मात्र तो तिऱ्हाईत आपण शोधलेला असावा, त्यानें सुचविलेला नसावा. अमुक रुग्णालयांत डॉक्टर असल्याचें तो म्हणत असेल, तर त्याच्या पत्रांतील दूरध्वनि-क्रमांक न वापरतां, रुग्णालयाचा क्रमांक स्वतः हुडकून तेथें विचारावें. त्याचा फोटो गूगलच्या चित्रशोधांत घालून पहावा. पुष्कळदां तो कोणा भलत्याच सैनिकाचा किंवा डॉक्टराचा निघतो. फोटो कोठें सांपडला नाहीं म्हणजे माणूस खरा, असें मात्र समजूं नये. यंत्रानें घडविलेला चेहरा कोठेंच सांपडत नसतो. त्या गांवीं आपले कोणी नातेवाईक वा परिचित असतील, तर त्यांस प्रत्यक्ष भेटून येण्यास सांगावें. खरा मनुष्य अशा भेटीनें सुखावेल. ठकास नेमकें त्याच दिवशीं परगांवीं जावें लागेल.

थापांचीं उत्तरें तोंडपाठ असलेलीं बरीं. सीमाशुल्क खातें कोणाच्याही खासगी खात्यांत वा यूपीआयवर पैसे मागत नाहीं. अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळानें २०१९ पासून आपल्या पत्रव्यवहारावर ओळख-क्रमांक घालण्याची पद्धत सुरू केली असून, तो खरा कीं खोटा हें मंडळाच्या संकेतस्थळावर पाहतां येतें. प्रवाशानें १०,००० डॉलरहून अधिक परकीय चलन आणलें तर त्यानें स्वतः घोषणापत्र भरावयाचें असतें. त्याचा बोजा पुण्यांतील वा नागपुरांतील मैत्रिणीवर पडत नाहीं. रिझर्व्ह बँक सामान्य माणसाचें खातें ठेवीत नाहीं, मग तिच्याकडे अडकलेले पैसे सोडविण्याचा प्रश्नच येत नाहीं. अमेरिकन सैनिकास रजा मिळण्यासाठीं त्याच्या वाग्दत्त वधूला शुल्क भरावें लागत नाहीं, हें तेथील सैन्याच्या गुन्हे अन्वेषण विभागानें वारंवार सांगितलें आहे.

आणखी एका धोक्याकडे घरांतील कर्त्यांचें लक्ष वेधणें आवश्यक आहे. कधीं कधीं मित्र पैसे मागत नाहीं. उलट, ‘माझे कांहीं पैसे तुझ्या खात्यांत येतील, ते अमुक ठिकाणीं पाठव’ असें सांगतो. हितोपदेशांतील आंधळा गिधाड व मांजर यांची गोष्ट येथें आठवावी. मांजरानें धर्माच्या गप्पा मारून ढोलींत आश्रय मिळविला, पक्ष्यांचीं पिलें आणून खाल्लीं व हाडें तेथेंच टाकून पोबारा केला. पक्ष्यांस हाडें गिधाडाच्या ढोलींत सांपडलीं, आणि त्यांनीं त्या निरपराध म्हाताऱ्यासच मारिलें. दुसऱ्या कोणाची लूट आपल्या खात्यांतून गेली, तर पोलीस प्रथम आपल्याच दारीं येतात. खातें गोठतें, आणि आपला भाबडेपणा सिद्ध करण्याचा भार आपल्यावर पडतो. म्हणून आपलें बँकेचें खातें, एटीएम कार्ड, सिमकार्ड वा ओटीपी परक्याच्या हातीं कधींही देऊं नये.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. भरल्या घरांतील माणूस सहा-सहा महिने परक्याशीं बोलत राहतो आणि घरांत कोणास पत्ता लागत नाहीं, हें कसें घडतें? याचें उत्तर आपणांस सुखावणारें नाहीं. बारा माणसांच्या घरांतही मनुष्य एकटा असूं शकतो. विधवा झालेली आत्या स्वयंपाकघरांत सर्वांना हवी असते. परंतु तिला ‘आज तुझा दिवस कसा गेला?’ असें कोणीच विचारीत नाहीं. निवृत्त झालेल्या काकांचें मत पूर्वीं प्रत्येक गोष्टींत घेतलें जाई. आतां त्यांस फक्त औषधाची आठवण करून दिली जाते. पस्तिशी उलटलेल्या अविवाहित पुतणीपाशीं घरचे सारे संभाषण तिच्या लग्नावरच आणून थांबवितात. आपण जी जागा रिकामी ठेविली, ती ठकानें भरली. त्याचा अपराध यानें तिळमात्र कमी होत नाहीं. परंतु पुढची काळजी घेतांना ही गोष्ट विसरून चालणार नाहीं.

संशय आला म्हणजे बोलण्याची रीतही सांभाळावी. ‘या वयांत हे काय धंदे?’ असा पहिला शब्द निघाला कीं संपलें. कारण ‘घरचे तुला समजून घेणार नाहींत, त्यांस सांगूं नकोस’ असें ठकानें आधींच बजावून ठेविलेलें असतें, आणि आपण त्याचेंच भाकीत खरें करतों. मोबाइल हिसकावून घेणें, चारचौघांत विषय काढणें, या गोष्टी कटाक्षानें टाळाव्या. ज्याच्याशीं त्या व्यक्तीचें मनमोकळें बोलणें आहे, मग ती धाकटी सून असो वा नातू असो, त्यानें एकांतांत बसून ‘आत्या, कोण आहेत ते? मलाही सांगा ना’ असें विचारावें. सगळें ऐकून घ्यावें, आणि मग एखादी पडताळणी दोघांनीं मिळून करावी. तो खोटा आहे असें आपण सांगण्यापेक्षां तें तिला स्वतः दिसणें अधिक बरें. जें तुटतें तें तिच्या लेखीं खरें नातें असतें. पैसा गेल्याचें दुःख आणि माणूस गेल्याचें दुःख, दोन्हीं तिला एकदमच सोसावीं लागतात. अशा वेळीं तिला कांहीं दिवस एकटें सोडूं नये.

पैसे गेलेच असतील तर एक क्षणही न दवडतां १९३० या राष्ट्रीय साहाय्य-क्रमांकावर फोन करावा, आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे तक्रार संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी. पैसा या खात्यांतून त्या खात्यांत झपाट्यानें पळत असतो. तो वाटेंत अडविण्याची संधि पहिल्या कांहीं तासांतच अधिक असते. आपल्या बँकेसही तत्काळ लेखी कळवावें. संभाषणें लाजेनें पुसून टाकूं नयेत. क्रमांक, पावत्या, फोटो हाच पुरावा असतो. खासगी छायाचित्रें उघड करण्याची धमकी येत असेल तर एक पैही देऊं नये. एकदां दिलेली खंडणी शेवटची कधींच नसते. आणि ‘तुमचे बुडालेले पैसे फी घेऊन परत मिळवून देतों’ म्हणणारा पुढें आला, तर तोही बहुधा त्याच टोळींतला आहे असें समजावें. माहिती-तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-ड या कलमान्वयें संगणकाच्या द्वारें तोतयेगिरी करून फसविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाखापर्यंत दंड होऊं शकतो. १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेंतील ३१८ व ३१९ हीं कलमेंही लागू पडतात. तक्रार करणारा या कायद्यापुढें फिर्यादी असतो, आरोपी नव्हे. तोंड लपवावयाचें तर तें ठकानें.

हें सारें वाचून कोणी परदेशस्थांशीं मैत्रीच करूं नये असा अर्थ काढूं नये. दूरदेशच्या पत्रमित्रांमुळें भाषा समजतात, दृष्टि विस्तारते, आणि कित्येकांचे विवाहही सुखाचे होतात. फक्त दोन नेम प्रत्येक घरानें एकत्र बसून ठरवून ठेवावे. ज्यास कोणीं प्रत्यक्ष भेटून पाहिलेलें नाहीं, त्यास कोणत्याही कारणासाठीं पैसे पाठवावयाचे नाहींत. आणि जी मैत्री घरांत उघडपणें सांगतां येत नाहीं, ती कां सांगतां येत नाहीं, याचा विचार करावयाचा. पहिला नेम तरुणांनीं व वृद्धांनीं सारखाच पाळावा. दुसरा पाळला जावा असें वाटत असेल, तर ऐकून घेणारीं माणसें घरांत असलीं पाहिजेत. आणि ती जबाबदारी दूरच्या कोणावर नाहीं, एका छपराखालीं राहणाऱ्या आपणां सर्वांवर आहे.